गाजर प्रकल्प: गच्चीवरच्या क्रेटपासून ओटीजीपर्यंत

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

घट उठून तीन दिवस झाले. घटातला गहू यंदा वीतभर वाढला, ज्वारी मात्र निम्मीच आली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दर वर्षी कुठलं धान्य कसं आलं ते नीट बघून ठेवतात. त्यांच्या माहेरी सिन्नरकडे रब्बीचं बी त्यावरून ठरायचं म्हणे. श्रद्धा बाजूला ठेवली तरी ही सरळसरळ उगवण चाचणीच आहे. घरचं बी, वावरातली माती, रोज पाणी आणि नऊ दिवस. गाजराचं बी नऊ दिवसांत दाद देईल असं नाही, ते दोन-तीन आठवडेसुद्धा घेतं.

ठरलं ते असं: भोगीच्या भाजीत यंदा गच्चीवरचं गाजर पडलं पाहिजे आणि उरलेल्याचा केक. लेकीच्या मते क्रम उलटा, आधी केक आणि उरलं तर भाजी.

बी तीन वाणांचं आहे. लाल ‘पुसा रुधिरा’ आणि काळं ‘पुसा असिता’ ही दोन्ही दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची वाणं. मावसभाऊ तिकडून येताना घेऊन आला. तिसरं केशरी ‘नान्टीस’, इथल्याच एका कृषी सेवा केंद्रातलं. आपल्याकडे बारा महिने मिळतं ते केशरी, लाल फक्त थंडीत येतं आणि काळं नाशिकच्या मंडईत मी तरी पाहिलेलं नाही. केकच्या पाककृती बघाल तर सगळ्या केशरी गाजर धरून लिहिलेल्या असतात. लाल आणि काळ्याने काय होतं ते बघायचंच आहे.

दादाच्या बागेतले द्राक्षाचे जुने क्रेट आणलेत. फूटभर खोल आहेत, गाजराला तेवढं हवंच. आतून शेडनेटचं अस्तर लावलं. माती: दोन घमेली पोयटा, एक घमेलं वाळू, एक घमेलं कोकोपीट, अर्धं घमेलं गांडूळखत. सगळं चाळून घेतलं, कारण सोटमुळाच्या वाटेत खडा आला की गाजर तिथेच दुभंगतं. आपली काळी माती यात अजिबात घालायची नाही. ओली असताना चिखल, वाळली की भेगा. कपाशीला ती लाख चांगली असेल. दादा शेणखताची गोणी देत होता, तीही नाही घेतली. अर्धकच्च्या शेणखताने गाजराला फाटे फुटतात, वर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, फुकट येते.

८ ऑक्टोबर

पेरणीआधी चाचणी. नान्टीसच्या पाकिटावर उगवणशक्ती ६० टक्के छापलीय. नवरा म्हणाला, चाळीस टक्के बी वाया म्हणजे फसवणूकच की. तसं नाही. गाजराच्या बियाण्याला किमान मर्यादाच ६० टक्के आहे. टोमॅटोला ७० आणि वाटाण्याला ७५. कारण झाडातच आहे. गाजराचा मधला मोठा फुलोरा आधी पिकतो, बाजूचे मागून पिकतात आणि कापणी मात्र एकदमच होते. मग काही बी भरलेलं, काही आतून कच्चं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

तळहातावर घेऊन चोळलं तर वास येतो ओवा आणि जिऱ्याच्या मधला. कुळ एकच: कोथिंबीर, जिरं, ओवा, बडीशेप, शेपू, गाजर. आईंना डोळे मिटायला लावून वास दिला तर म्हणाल्या, “शहाजिरं आहे का?”

प्रत्येक वाणाच्या पंचवीस बिया ओल्या रुमालात गुंडाळून डब्यात घातल्या, डबा माठाशेजारी. नान्टीसचं बी गुलाबी आहे, म्हणजे बुरशीनाशक लावलेलं. त्याचा रुमाल वेगळा ठेवला, तो परत स्वयंपाकघरात येणार नाही. पेरायला आणलेली मेथी किंवा धणे उरले म्हणून फोडणीत घालू नयेत, ते ह्याचसाठी.

१२ ऑक्टोबर, रविवार

लाल दोन क्रेट, काळं एक, नान्टीस एक. नान्टीसचं बाकीचं बी राखून ठेवलंय. दुपारी गच्चीवर माती हाताला गरम लागते आणि तिशीच्या वर गेलेल्या मातीत नान्टीस उगवायला का-कू करतं. लाल-काळी वाणं आपल्या हवेची, ती इतकं मनावर घेत नाहीत.

एका ग्रॅममध्ये साधारण आठशे बिया बसतात. चिमटीत धरून पेरायला गेलं की झुबके पडतात, म्हणून बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळलं आणि वाळूच ओळीत सोडली. खोली अर्धा-पाऊण सेंटिमीटर. प्रत्येक ओळीत थोड्या थोड्या अंतरावर मुळ्याचं बी टाकलं. मुळा चार दिवसांत वर येतो, ओळ कुठे आहे ते दाखवतो आणि गाजराला जागा लागायच्या आत खाऊनही होतो. वरून चाळलेल्या कोकोपीटचा पातळ थर आणि त्यावर ओलं गोणपाट.

गाजर पेरायचं ते जागेवरच. टोमॅटो-मिरचीसारखी ट्रेमध्ये रोपं करून मग हलवता येत नाहीत. पानं दिसायच्या आधी सोटमूळ बरंच खाली गेलेलं असतं. त्याचं टोक दुखावलं की पुढे एकाची तीन बोटं होतात.

१५ ऑक्टोबर

मुळा वर आला. गाजराचं नाव नाही. गोणपाट दिवसातून तीनदा झारीने भिजवते आहे. कुंडीत खाली ओल असून भागत नाही, बी असतं अगदी वरच्या थरात आणि तोच थर दुपारपर्यंत कोरडा पडतो. ओलं होऊन कोंब धरायला लागलेलं बी पुन्हा सुकलं की संपलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

चकल्यांचा घाणा चालू असताना लेक गच्चीवरून ओरडत आली. लाल उगवलं! पहिली दोन पानं इतकी बारीक आणि लांब असतात की नवख्याला गवतच वाटेल. गोणपाट ताबडतोब काढलं. अजून एक दिवस राहिलं असतं तर कोंब विणीतून वर घुसले असते आणि काढताना मान मोडली असती. आता वरून शेडनेटची सावली, चार काठ्यांवर.

रुमालातला निकाल: लाल पंचवीसपैकी अठरा, काळं सोळा, नान्टीस अकरा. नान्टीस पाकिटावरच्या आकड्याच्या खाली आहे. बी जुनं असेल, दुकानात तापलं असेल किंवा माठाशेजारीही त्याला पुरेसं गार मिळालं नसेल. थंडीत पुन्हा पेरणार तेव्हा ओळीत दाट टाकायचं, एवढाच धडा.

२७ ऑक्टोबर

दिवाळी आटोपली आणि अवकाळी पाऊस आला. दादाचा फोन, आवाज उतरलेला. छाटणीनंतर नुकते घड बाहेर पडत होते, त्यात हे. डाऊनी ही बुरशी आणि घडकुज, दोन्हीची धास्ती. त्याच्या बागेपुढे माझ्या चार क्रेटचं काय घेऊन बसायचं. तरी नोंद म्हणून: काळ्याच्या क्रेटमध्ये थेंबांच्या माराने माती बसून वर कडक पापुद्रा धरला. जेवणाच्या काट्याने ओळींच्या मधला पापुद्रा हलका फोडला. लाल पिकाला काही झालं नाही, ते शेडनेटखाली होतं.

२ नोव्हेंबर, रविवार

पाऊस थांबला, वाफसा आला, रात्री गार पडू लागल्या. नान्टीसची दुसरी पेरणी, दोन क्रेट.

लाल आणि काळ्याची विरळणी केली. दोन रोपांत चार बोटं अंतर राहिलं. उपटून नाही, कात्रीने मातीलगत कापून. एक उपटलं की शेजारच्याचं मूळ हलतं. हे काम कुणालाच आवडत नाही. आईंना तर चांगलं जिवंत रोप कापणं पटेचना. “अगं, त्यांनी काय केलंय?” पण विरळणी टाळली तर शेवटी बोटभर जाडीची खंडीभर गाजरं हाती येतात. कापलेला कोवळा पाला कोथिंबिरीबरोबर थालीपिठात गेला, तेव्हा त्यांची तक्रार मिटली.

९ नोव्हेंबर, रविवार

घरचं गाजर यायला वेळ आहे, तोवर मंडईतल्या केशरी गाजरावर केकची तालीम.

आईंना अंडं चालत नाही, म्हणून दह्याचा केक. सात इंची टिनला मैदा १०० ग्रॅम, कणीक ५० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, शेंगदाण्याचं नको म्हणून सूर्यफुलाचं तेल १०० मिली, दही १२० ग्रॅम, गाजराचा कीस १५० ग्रॅम, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, सोडा पाव चमचा, दालचिनी, जायफळ, चिमूट मीठ, मूठभर अक्रोड. ओटीजी, म्हणजे आमचा छोटा ओव्हन, १७० अंशांवर तापवून घेतला.

तूप न घालता तेल का, असं आईंनी विचारलं. तूप थंडीत थिजतं आणि त्याबरोबर केकही घट्ट होतो. तेल पातळच राहतं, म्हणून केक दुसऱ्या दिवशीही मऊ लागतो. आणि गाजराचा रंग स्निग्धात उतरतो. तेलात कीस हलवला की तेल केशरी होतं, पुढे सगळा केकच त्या रंगाचा.

निकाल: वरून छान फुगला, बाहेर काढल्यावर मधोमध बसला. कापल्यावर तळाशी बोटभर जाडीचा चिकट थर. सुरी मात्र कोरडी निघाली होती. चव चांगली, पोत शिऱ्याचा. लेकीने मधला भाग सोडून कडा खाल्ल्या.

कारण पाणी. गाजरात साधारण ८८ टक्के पाणी असतं. १५० ग्रॅम कीस म्हणजे १३० मिलीच्या आसपास पाणी पिठात घातल्यासारखंच. सगळं सुटत नाही, पण साखर लागली की बरंच सुटतं, आणि तेही ओव्हनमध्ये गेल्यावर. पाककृतीत एक वाटी कीस म्हटलं की झालं, असं नसतं. बारीक किसणीची दाबून भरलेली वाटी आणि जाड किसणीची मोकळी वाटी यांच्या वजनात केवढा फरक. इथून पुढे वाटी बंद, वजनकाटा.

१६ नोव्हेंबर, रविवार

हलवा करणाऱ्या बाईला गाजराचं पाणी आटवायचं असतं हे सांगावं लागत नाही. केक करतानाच आपण ते विसरतो, कारण पाककृती बाहेरून आलेली असते.

म्हणून आज असं केलं. जाड किसणीने कीस, त्यावर मोजलेल्या साखरेतलीच दोन चमचे साखर, वीस मिनिटं तसाच ठेवला. मग मलमलच्या फडक्यात घालून हाताने पिळला, खूप जोर न लावता. १५० ग्रॅममधून ३५ ग्रॅम रस निघाला. तो फेकायचा नाही. गोडी त्यातच आहे. लहान कढल्यात मंद आचेवर आटवून दोन चमच्यांवर आणला, तो पाकासारखा झाला, आणि गार करून दह्यात मिसळला. बाकी मापं तीच.

फुगला, बसला नाही. चिकट थर गेला. जाड किसामुळे कापल्यावर केशरी धागे दिसतात, बारीक किसाचे विरघळून जातात.

साखर कमी करायची का यावर घरात वाद झाला. लेकीच्या मते गाजर गोडच असतं, मग साखर निम्मी पुरे. १०० ग्रॅम गाजरात साखर जेमतेम पाच ग्रॅम. १५० ग्रॅममधून आपल्याला दीड चमचा साखर मिळते, संपली गोडी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून साखरेचं रेशनिंग होतं, तेव्हा तिथल्या अन्न मंत्रालयाने गाजराची भरपूर जाहिरात केली, ‘डॉक्टर कॅरट’ नावाचं व्यंगचित्र काढलं, गोड पदार्थांत गाजर घालायला शिकवलं. चालून गेलं, कारण दुसरं काही मिळतच नव्हतं. स्वित्झर्लंडच्या आरगाऊ प्रांतातला गाजराचा केक आहे तोही साखर भरपूर आणि बदामाची पूड घालून केलेला. गाजर केकमध्ये असतं ते ओलाव्यासाठी आणि रंगासाठी. माझं मत: साखर १०० ग्रॅमपर्यंत उतरवता येते. त्याखाली गेलं की गोडी तर जातेच, केक कोरडाही होतो, कारण ओल धरून ठेवायचं काम साखरही करत असते.

३० नोव्हेंबर, रविवार

लाल गाजरांचे खांदे मातीतून वर डोकावू लागलेत. उन्हात राहिले तर हिरवे पडतात आणि तेवढा भाग कडवट लागतो. दोन्ही वाणांना मातीची भर दिली. नान्टीसची दुसरी पेरणी झकास उगवली. पहिल्या क्रेटपेक्षा दुपटीने तरी दाट आहे. बी तेच, फरक हवेचा आणि थोडा दाट टाकल्याचा.

मुळे संपले. शेवटच्या चारांची कोशिंबीर.

१४ डिसेंबर, रविवार

निफाडचा पारा एक आकड्यावर आल्याच्या बातम्या पेपरात रोज आहेत. इथे गच्चीवर सकाळी झारीला हात लावायला नको वाटतं. पाणी आता संध्याकाळचं बंद, ऊन आल्यावरच. रात्री पाला ओला राहिला की भुरी येते. काळ्याच्या दोन-तीन पानांवर पांढरी पूड दिसली, ती पानं कापून टाकली. दादाने लगेच गंधक सुचवलं, द्राक्षवाल्याला भुरी दिसली की हात आपोआप गंधकाकडे जातो. पण पीक खायला महिना राहिलाय आणि पानं दोन-तीनच आहेत. नको.

वाढ हळू झाली तरी मला घाई नाही. १५ ते २० अंशांच्या आसपासच्या हवेत गाजराला रंग सगळ्यात चांगला चढतो. आत्ता दिवस-रात्रीची सरासरी नेमकी तिथेच आहे.

१३ जानेवारी २०२६, भोगी

सकाळी लाल काढायला घेतलं. आदल्या संध्याकाळी क्रेट भिजवून ठेवले होते. पाल्याला धरून ओढलं की पाला हातात येतो आणि गाजर आतच राहतं. म्हणून दोन बोटं खांद्याशी खुपसून, थोडं फिरवून वर उचलायचं. पहिलं निघालं ते हाताच्या पंज्याहून लांब, टोकाला निमुळतं, अंगावर धाग्यासारखी बारीक मुळं, आणि धुतल्यावर आतून-बाहेरून एकच गडद लाल. गाभा वेगळा ओळखू येत नाही, हीच रुधिराची खूण. ताजं मोडलं तर काडकन आवाज येतो आणि मोडलेल्या जागी रस डवरतो. मंडईतल्या गाजरात हा आवाज नसतो, ते येईपर्यंत मऊ पडलेलं असतं.

तळाच्या कोपऱ्यातली काही वाकडी निघाली, दोन दुपायी. आईंनी ती वेगळी ठेवली, “ही भाजीत, चिरल्यावर कोण बघतंय.”

भोगीची भाजी: गाजर, पावट्याचे दाणे, ओला हरभरा, वांगी, घेवडा, बोरं, उसाचे करवे आईंच्या हट्टापायी, भाजलेल्या तिळाचा आणि दाण्याचा कूट, गूळ, गोडा मसाला. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. भाजीत लाल गाजर लवकर शिजतं, ते सगळ्यात शेवटी घालायला हवं, नाहीतर विरघळून रस्सा गोड होतो. दोन क्रेटमधून साडेतीन किलो लाल गाजर निघालं. खर्चाचा हिशोब मी मुद्दाम मांडलेला नाही. माती, कोकोपीट आणि बी धरलं तर मंडईतलं गाजर स्वस्त पडतं, त्यात वाद नाही. काडकन मोडणारं मात्र विकत मिळत नाही.

१८ जानेवारी, रविवार

आज दोन केक. लेकीने कॉलेजचा अभ्यास सोडून हजेरी लावली, कारण एक केक काळा होणार होता.

लाल आधी. मागच्यासारखंच पिळलं, रस जास्त निघाला, ५० ग्रॅमच्या वर. आटवायला वेळ लागला. लाल रंग लायकोपीनचा, म्हणजे टोमॅटोतला तोच, आणि तोही तेलात उतरतो. केक सुंदर विटकरी झाला. पण पोत थोडा लगदा, धागे नीट राहिले नाहीत. लाल गाजर शिजून मऊ पडतं, म्हणूनच हलव्याला ते हवं असतं. चव उत्तम आणि काप मात्र केशरीइतके देखणे नाहीत. कीस आधी चमचाभर तुपावर पाच मिनिटं परतून घेतला तर जमेल असं वाटतं, पण मग तो हलव्याचा केक झाला.

आता काळं. किसताना बोटं जांभळी, पाट जांभळा, ओट्यावर डाग. आईंनी थोडा कीस दह्यात घालून कोशिंबीर केली आणि ती क्षणात गुलाबी झाली. इथेच खरी गोम कळते. काळ्या गाजराचा रंग अँथोसायनिनचा. तो पाण्यात उतरतो, तेलात नाही. आंबट लागलं की गुलाबी-लाल, सोडा लागला की निळा आणि मग हिरवट. लेकीला दोन वाट्यांत दाखवलं: एका वाटीत गाजराचं पाणी आणि लिंबू, दुसरीत तेच पाणी आणि चिमूट सोडा. पहिली जांभळासारखी लाल, दुसरी बघता बघता निळसर हिरवी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने हेच लिटमसने केलं होतं, इथे मात्र तोंड उघडं राहिलं.

म्हणजे नेहमीचा केक यात बसत नाही. पिळलं तर रंग पिळण्याबरोबर जातो, सोडा घातला तर केक राखाडी-हिरवा. तरी पिठाचा चमचाभर गोळा वेगळा काढून त्यात मुद्दाम सोडा घालून वाटीकेक केला. रंग शेवाळाचा. खाल्ला फक्त नवऱ्याने, “चवीला काही वाईट नाही” म्हणत.

मुख्य केकची मापं बदलली. कीस १०० ग्रॅमच, न पिळता. दही आंबट, १२० वरून ८० ग्रॅमवर आणलं, म्हणजे पाण्याचा हिशोब तिथे जुळतो. सोडा बंद. बेकिंग पावडर दीड चमचा. तिच्यात आंबट घटक आधीच असतो, त्यामुळे रंगाला धक्का कमी. एक चमचा लिंबाचा रस. दालचिनी वगळली, तिच्याने रंग मातकट होतो. त्याऐवजी वेलची.

आतून जांभळट, कडेने तपकिरी. चित्रातल्यासारखा जांभळा नाही, भाजताना थोडा रंग मरतोच. पण काप केल्यावर पाहुण्यांनी जांभळाचा केक का म्हणून विचारावं इतका आहे. थोडा कमी हलका, कारण सोडा नाही. मला तिन्हींत हाच जास्त आवडला.

काळ्यातली सहा चांगली, सरळ, निरोगी गाजरं बियाण्यासाठी वेगळी काढली. पाला चार बोटं ठेवून कापला, खालचा तिसरा हिस्सा कापून टाकला आणि वरचा खांद्याकडचा भाग पुन्हा क्रेटमध्ये लावला. कापलेल्या टोकाला राख.

८ फेब्रुवारी, रविवार

नान्टीस काढलं. आखूड, टोकाला बोथट, सगळीकडे सारख्या जाडीचं. पहिल्या पेरणीतलं विरळ म्हणून जाड झालंय, दुसऱ्या पेरणीतलं अजून लहान आहे, पण आता उन्हं तापायच्या आत काढलेलं बरं. ऊन वाढलं की गोडी उतरते आणि धागा धरतो.

केक केला. घरचं नान्टीस पिळल्यावर रस कमी, २५ ग्रॅमच्या आत. मंडईतल्या जाडजूड गाजरापेक्षा हे घट्ट आहे. रस कमी म्हणून आटवायची कटकटही पाच मिनिटांची. धागे उभे राहिले, रंग सोनेरी, बसला नाही, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागला. केकसाठी नान्टीसच, यावर घरात एकमत. माझं एक मत काळ्याच्या बाजूने होतं, पण ते मोजलं गेलं नाही.

वहिनीने मापं मागितली आहेत. तिला एवढंच कळवलं: सगळं वजनाने घे, कीस पिळून रस मोजून बघ, ३५ ग्रॅमच्या पुढे गेला तर आटव नाहीतर दही तेवढं कमी कर. वेळ ४० ते ४५ मिनिटं, पण तुझा ओव्हन माझ्यासारखा नसणार, पस्तिसाव्या मिनिटाला सुरी घालून बघ. मधे घालायची, कडेला नाही.

१ मार्च, रविवार

काळ्या सहापैकी पाच लागली, एक कुजलं. पाचांना मधून दांडे फुटलेत, गुडघ्याएवढे, आणि पहिल्या छत्र्या, म्हणजे फुलोरे, उमलायला लागल्यात. आपल्याकडची लाल-काळी वाणं मैदानी थंडीवरच फुलतात. नान्टीसचं तसं नाही; त्याला दहा अंशांखाली कित्येक आठवडे काढायचे असतात, ते नाशिकला जमत नाही. म्हणून युरोपीय वाणांचं बी डोंगरात घेतात. दिल्लीच्या संस्थेचं त्यासाठी कुलू खोऱ्यात कटराईंला केंद्र आहे. नान्टीस आपण दर वर्षी विकतच घ्यायचं.

लाल क्रेटमध्ये चुकून राहिलेल्या एकाला दांडा आला होता, ते उपटून टाकलं. मधमाश्या एका छत्रीवरून दुसरीवर जातात, लाल आणि काळं शेजारी फुललं तर पुढच्या वर्षी ना हे ना ते. गाजर म्हणून खायचंही ते राहिलं नव्हतं, मधला गाभा लाकूड झाला होता.

छत्र्या पिकायला एप्रिल तरी उजाडेल, तोवर हा क्रेट अडकलेला. पहिल्या मधल्या छत्रीचंच बी ठेवायचं, बाजूच्यांचं नको. बाकीचे क्रेट रिकामे केले, माती उन्हात पसरलीय. दोनांत भेंडी, दोनांत गवार. भेंडीचं बी रात्रभर भिजत घातलंय, गवार तशीच टोकायची.